मामा नकाशावरून गायब

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका संशयी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचा नाही. उभा जन्म त्यांनी बैलबाजारात दलाली केली. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा आणि शेजारच्याला सुगावा लागू द्यायचा नाही, असा तो धंदा. मामी गेल्यावर पिंपळगाव सोडून ते नाशकात फ्लॅटमध्ये आले, पण सवय काही सुटली नाही. दाराच्या पाटीवर नाव नाही. डॉक्टरने वय विचारलं तरी, "तुमाला कशाला पायजे?" फोनच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवलेली. एकदा आमच्याशी बैलांच्या घुंगरमाळांबद्दल बोलले आणि लगेच फोनवर घुंगरमाळांची जाहिरात आली, तेव्हा तर त्यांनी फोन तांदळाच्या डब्यात कोंडला. "जावईबापू, ह्यो फितूर हाय!"

मग त्यांना कुठूनसा शोध लागला की फोनमधली मूळ सिस्टीम काढून, कुणाला काही न कळवणारी दुसरी बसवता येते. बसवणार कोण? अर्थात मी! रविवारी लॅपटॉपला वायर जोडून बसलो. म्हटलं, "मामा, सगळं पुसलं जाईल बरं का." "पुसा. नंबर वहीत हायेत." जुनं पुसलं गेलं आणि पडदा काळा पडला, तो वीस मिनिटं काळाच. मला घाम फुटला, मामा निवांत शेंगा सोलत होते. शेवटी एकदाचा फोन उजळला. जाहिराती गेल्या, पाळत गेली.

तासाभरात बंगळुरूहून त्यांच्या लेकीचा फोन. मामांनी स्पीकर लावला. "आबा, कुठे आहात? माझ्या फोनच्या नकाशावर दिसतच नाही तुम्ही!"

"घरातच हाय गं," म्हणून मामांनी तिला मेथीच्या भाजीपासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं. चांगला पाऊण तास.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ठावठिकाणा कळवायची सोय परत करून देतो. तिच्या जिवाला घोर नको."

मामा उखडलेच. "अजिबात नको! नकाशात दिसायचो तवा महिना महिना फोन नाय यायचा. बाप भाजीबाजारात हलतोय म्हंजे बरा हाय, असं समजून ऱ्हायची. आता इचारू दे की मला!" मी वायर गुंडाळायला लागलो.

आता लेक संध्याकाळी सातला फोन करते. बहुतेक दिवशी करते. एखाद्या दिवशी आठ वाजून जातात आणि मामा मला बोलावून घेतात. "जावईबापू, तुमची ती सिस्टीम फोन अडवत नाय ना?" मी जातो, फोन उलटापालटा करून बघतो. काहीही अडलेलं नसतं. "हो मामा, कधी कधी अडतं," असं मी त्यांना सांगतो.