मोगऱ्याचा उपास

हमीदाखाला आमच्या दारात आल्या की आधी माझ्याकडे बघायच्या नाहीत. मोगऱ्याच्या डब्यातल्या मातीत बोट खुपसायच्या आणि ते बोट माझ्यापुढे धरायच्या. "हे बघ. चिखल. परत पाणी घातलंस व्हय गं?"

घालायचेच मी. सातवीत शाळा सुटली, मग लग्न झालं आणि बीडकडून चिंचवडच्या या चाळीत आले. नवरा कंपनीत, आठवड्याआड पाळी बदलणारी. दिवसभर बोलायला कुणी नाही. निघताना आईनं घरच्या मोगऱ्याची मुळासकट फांदी ओल्या फडक्यात बांधून दिली होती. ती जगली, पण फुलेना. दोन उन्हाळे नुसती पानं. ही वाळली तर माहेरचं आपल्यापाशी काय उरलं, या धास्तीनं मी जाता-येता तांब्या रिता करायचे.

शेजारच्या खाला इथल्याच गावठाणातल्या. यजमानांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे ऑइलच्या रिकाम्या डब्यांना तोटा नव्हता. ते सोड्यानं धुऊन, उरलासुरला रंग फासून त्यांनी दारापुढची चार हात जागा नटवली होती. मागे जास्वंद, मधे गुलाब, पुढे बुटका चिनी गुलाब. "फोटोत उंच माणसानं मागं ऱ्हावं," म्हणायच्या, "झाडाचं बी तसंच." उन्हं तापली की आमच्या तुळशीवर सावलीला त्यांचंच जुनं पातळ असायचं.

पौषात त्यांनी फर्मान काढलं, "आता ह्येचं पाणी बंद. उपास."

पानं पिवळी पडायला लागली तसं मला रडू यायला लागलं. "खाला, मरेल हो तो."

"मेला तर माझं नाव बदल. थंडीत ताण दिला न्हाई तर मोगरा फुलंल कशाला? आयतं मिळतंय, बसलाय मजेत. तुझ्या दादल्यागत."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात तांब्या दिसला, तशी त्यांनी डबाच उचलून आपल्या दारात नेला आणि यजमानांना पहाऱ्यावर बसवलं. ते बिचारे विडी ओढत मला म्हणायचे, "बेटी, हुकूम न्हाई."

माघात खालांनी कात्री चालवली. उरली पानं काढली, माती उकरली, शेणखत घातलं आणि मला हाक मारली. "आता घाल. पोटभर." त्या चार काटक्यांना मी तांब्याभर पाणी घातलं.

चैत्रात डबा पांढरा झाला. पहिला गजरा त्यांनीच ओवला, माझ्या केसांत माळला. "आईला कळव," म्हणाल्या, "मोगरा आता पोचला म्हणून."

पुढे काही वर्षांनी यजमान थकले. दुकान बंद करून दोघं मुलाकडे मिरजेला निघाली. सामान टेम्पोत चढलं. खालांच्या मांडीवर एकच डबा होता, आमच्याच मोगऱ्याची फांदी मातीत दाबून केलेलं रोप. टेम्पो हलला तशा त्या बाहेर वाकल्या.

"सुमन, पौष लागलाय. ध्यानात हाय न्हवं?"

"आहे, खाला."

टेम्पो वळणाआड गेला. मी घरातून तांब्या भरून आणला. डब्यात बोट खुपसलं. माती कोरडी ठाक. तांब्या वाकवला, तसाच सावरला. मग ते पाणी मीच पिऊन टाकलं.