चेहरा नसलेला चित्रपट

माझ्या आईचा एकही फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य उणं होतं, अशी तिची ठाम समजूत होती. तिच्या थोरल्या बहिणीने हौसेने फोटो काढला आणि वर्षाच्या आत ती बाळंतपणात गेली, तेव्हापासूनची. आणि तरी आमच्या घरात पत्र्याचे डबे भरून आईची फिल्म होती.

हे दादामुळे झालं. मुंबईतल्या एका फिल्म कंपनीतली नोकरी सोडून तो नाशिकला परतला, तेव्हा बोलपट येऊन फार दिवस झाले नव्हते. जो तो पडद्यावरची गाणी गुणगुणत होता आणि याच्या डोक्यात मूकपट. तोही असा की त्यात मजकुराची पाटी नाही, नट नाही, चेहरा नाही. एका बाईचा सगळा जन्म फक्त तिच्या हातांतून दाखवायचा. शेजारचे मास्तर म्हणाले, "लोक तिकीट काढून तोंडं बघायला जातात. तू त्यांना कोपरापर्यंतच बाई देणार?"

या कामाला बाई मिळेना. शेवटी आईच म्हणाली, तोंड येणार नसेल तर मी बसते. दादाने तिला तसा शब्द दिला.

कॅमेऱ्याच्या यंत्राचा दांडा फिरवायला मालेगावहून त्याचा मित्र येई. विणकराच्या घरातला, हातमागावर वाढलेला. त्याचा हात अशा एकसारख्या गतीने चाले की दादाला घड्याळ लागत नसे. सुरुवातीला आईने त्याचा कप वेगळा कोनाड्यात ठेवला होता. पुढे तो आमच्या कपांत कधी आला, मला आठवत नाही.

चित्रण मागच्या अंगणात, तिथे ऊन दहापर्यंतच. उन्हाळ्यात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी कोमट होई आणि फिल्म धुताना तिच्यावरचा थर साईसारखा सुटून येई. मग आदल्या दिवशी रांजणात पाणी गार करायचं. कापणं आणि जोडणं माझ्याकडे. इंग्रजी सहावीत शिकणाऱ्या मुलीला याहून सुखाचं काम तोवर कुणी दिलं नव्हतं. एकदा तव्याने आईच्या अंगठ्याला फोड आला. आधीच्या भागाशी तो हात जुळेना म्हणून दादा चिडला. आई शांतपणे म्हणाली, "बाईच्या हाताला फोड नको, तर मग तू कुणाचे हात दाखवतोयस?" दादा त्या दिवशी जेवला नाही. फोड मात्र चित्रपटात राहिला.

जात्याचं चित्रण होतं त्या दिवशी चूक झाली. आई दळताना गुणगुणू लागली आणि मित्राचा हात नकळत तिच्या लयीत जाऊ लागला. दादा ओरडला. मित्र ओशाळून म्हणाला, "आई, तुमचं जातं माझा हात ओढून नेतंय." आईला हसू आवरेना. हसता हसता ती पुढे वाकली.

दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी खिडकीशी धरली. उलटी प्रत ती, काळ्याचं पांढरं झालेली. आईचे केस शुभ्र दिसत होते, म्हाताऱ्या बाईसारखे, आणि ती हसत होती.

"आलं का माझं तोंड?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. त्याने पट्टी घेऊन उजेडाशी धरली. मग म्हणाला, "काप. शब्द दिलाय."

मी कापली. फिल्मचे उरलेले तुकडे आमच्याकडे न्हाणीघरातला बंब पेटवायला वापरत. काडी लावताच धडाडून पेटत. आईने तो तुकडा माझ्या हातून मागून घेतला आणि सकाळी स्वतः बंबात टाकला. "सुटले बाई," म्हणाली.

त्याच पावसाळ्यात विषमज्वराने आई गेली. चित्रपटाचा शेवट राहिला होता. दादाला शेवटी निश्चल हात हवे होते. निरोप कळताच मित्र मालेगावहून यंत्र घेऊन आला. आईला ओसरीवर ठेवलं होतं. दादाने तिच्या हातांकडे पाहिलं आणि मित्राला यंत्र बाहेर न्यायला सांगितलं.

तेराव्यानंतर वडिलांनी विचारलं, भिंतीवर लावायला काही आहे का. संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला. मी वाचत होते. तो दारातच उभा राहिला.

"तो जात्याचा तुकडा," तो म्हणाला, "तू खरा दिला नसशील तिला. दुसराच दिला असशील. तुझ्या पुस्तकांत कुठेतरी ठेवला असशील ना?"

इतके दिवस तो त्याच आशेवर होता, हे मला तेव्हा कळलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं नसेन, असं त्याला वाटलं होतं.

मी म्हटलं, "खराच दिला, दादा."

तो "बरं केलंस" म्हणाला. मग माझ्या कपाटातलं एकेक पुस्तक काढून, पानं उलगडून, तो अंधार पडेपर्यंत पाहत राहिला. मी त्याला थांबवलं नाही. शेवटी शेवटी मीही त्याच्या शेजारी बसून पानं उलटू लागले.