फजितीच्या कार्यक्रमात शाल-नारळ

अमरावतीच्या एका रेडिओ केंद्रावर आपापल्या फजित्या सांगून हसायचा अर्ध्या तासाचा थेट कार्यक्रम होता. मी अकोल्याहून मुद्दाम गेलो. थंड हवेच्या चिखलदऱ्याची कॉफीची रोपं मी भर मे महिन्यात अकोल्यातल्या गच्चीवर लावली आणि ती करपली होती, तेच सांगायचं होतं. पण आमच्याकडे सत्काराशिवाय काही सुरूच होत नाही. रेडिओवर दिसणार कोणाला? तरी फजिती सांगायला आलेल्या आम्हा चारही पाहुण्यांना शाल, नारळ, वर प्रत्येकाच्या पदव्यांचं सावकाश वाचन. तिथंच वेळ संपली. सूत्रसंचालकानं कार्यक्रम यशस्वी झाल्याचं सांगून आभार मानले. माझं डोकं सणकलं. घरी आलो तर बायको म्हणाली, "मले बोलावलं असतं तर दोन मिनिटांत सांगतलं असतं. त्या रोपायले रोज पाणी तर मीच टाकत होती."