ठिबकची नळी आणि अण्णांची नस

आता ही माझीच फजिती, कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा येईपर्यंत ऐकाच.

मी नांदेडच्या कॉलेजात शिकवते आणि माणसाच्या नसांमधून रक्त कसं वाहतं, यावर पीएच.डी. करते. डॉक्टर नाही हं, नुसती कॉम्प्युटरवर नळ्या काढून गणितं सोडवते. पण आमच्या चाकूरकडच्या गावात हा फरक कोण मानतो? मग मीही मानायचं सोडलं होतं.

तर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत दुखायला लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसेत ब्लॉक आहे, उद्याच अँजिओप्लास्टी करू, उशीर जिवावर बेतेल. अण्णा घाबरले. मी पुढे सरसावले. माझाच तर विषय.

"अण्णा, आपलं ठिबक आठवा. नळीत क्षार साचला की शेवटच्या उसाला पाणी पोचत नाही. तुमच्या नसेचं तसंच झालंय. डॉक्टर ती साफ करतील, संपलं."

अण्णांनी मान डोलावली. किती सोपं समजावलं म्हणून मी स्वतःवरच खूश.

सकाळी बघते तर दवाखान्यातली खाट रिकामी. शोधत शोधत स्टँडवर गेले, तर दवाखान्याच्या हिरव्या कपड्यांवर टोपी घालून अण्णा चाकूरच्या गाडीची वाट बघत बसलेले.

"अण्णा, हे काय?"

"म्या न्हाई येत. ठिबकमधी क्षार झाला की काय सोडतो आपण?"

"ॲसिड."

"हाव. मग?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"अन् वरून शेवटची बुची उघडून घाण भाईर काढावी लागती. माझी बुची कुठं हाय, ते तरी सांग."

हसावं की रडावं? मला रडूच आलं. "मला कालच विचारायचं ना, अण्णा."

"तू लई मन लावून सांगून राहिली होतीस, माय. मधीच कसं तोडावं?"

रिक्षात घालून परत आणलं. अण्णांनी ॲसिडचं विचारलं, तर डॉक्टरांनी दोन वाक्यांत समजावलं, नसेत बारीक फुगा फुगवायचा, स्प्रिंग बसवायची. अण्णा लगेच तयार झाले.

"पण हे ॲसिडचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हतं एक येडं, चहाच्या टपरीवर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तर याच विषयातल्या. असल्या माणसांना यांच्याजवळ फिरकू देऊ नका."

"नाही देणार," मी म्हणाले.