इकडचे किती, तिकडचे किती

बाइटभाऊ नव्या माणसाचं पहिल्या दिवसाचं सगळं काम त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचे. माझंही पुसलं. सकाळपासून मी ढीगभर कागद स्कॅन केले होते, मान आखडली होती, चहासुद्धा जागेवरच घेतला होता. संध्याकाळी भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले आणि नागपूरला पाठवलं का, असं विचारलं. मी म्हटलं, पाठवलं. पोचलं का? म्हटलं, पोचलं असेल. त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि माझ्या कॉम्प्युटरवरचा अख्खा फोल्डर कायमचा उडवला. नागपूरला त्यातल्या निम्म्याच फाईली पोचल्या होत्या. मला रडू कोसळलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "उद्यापासून 'असेल' म्हणणार नाई तू." उरलेले कागद मी दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन केले.

ही आलापल्लीची गोष्ट. तिथे एका खासगी एजन्सीचं केंद्र होतं. सुताराच्या दुकानावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि मनात आलं तर चालणारं इंटरनेट. आसपासच्या जंगलातल्या गावांचे जमिनीचे दावे, त्यांचे नकाशे, म्हाताऱ्यांच्या जबान्यांचे व्हिडिओ, हे सगळं आम्ही फाईली करून नागपूरच्या सर्व्हरवर चढवायचो. भाऊ आमचे प्रमुख. चंद्रपूरच्या एका मुसलमान कारागिरांच्या घरातले. वडील आणि थोरले भाऊ पत्र्याच्या पेट्या करायचे, हे एकटेच कॉम्प्युटरकडे वळले. फाईल शेवटच्या बाइटपर्यंत मोजायचे म्हणून आम्ही त्यांना बाइटभाऊ म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी.

त्यांची शिकवणी एवढीशी होती. पडद्याचे दोन भाग असतात. डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे नागपूरचा. नाव आणि पासवर्ड दिला की दार उघडतं, मग डावीकडची फाईल उजवीकडे ओढायची. इथवर कुणालाही येतं. पण उजवीकडे फाईलचं नाव पहिल्या क्षणालाच उमटतं आणि माल मागून हळूहळू येतो, आणि मध्येच लाइन तुटली तर नाव तसंच राहतं. भाऊ लहानपणी लग्नाच्या पेट्यांवर नवरीचं नाव रंगवायचे. ते म्हणायचे, "नाव रंगवलं म्हणून पेटी भरली असं होते का? वजन करून पाहा." म्हणून प्रत्येक फाईलचे बाइट दोन्हीकडे वाचायचे, रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी लिहायचे, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत मूळ फाईलला हात लावायचा नाही. दिवसातून पन्नासदा खोलीत त्यांचा आवाज यायचा, "इकडचे किती, तिकडचे किती?"

माणूस दुष्ट होता, यात मला आजही शंका नाही. आमच्यातल्या एकाने एकदा नकाशाचं चित्र साध्या मजकुरासारखं पाठवलं. तसं पाठवलं की प्रोग्राम वाटेत फाईलमध्ये फेरफार करतो आणि चित्राचा चिखल होतो. भाऊंनी तो चिखल कागदावर छापला, खाली त्याचं नाव लिहिलं आणि त्याच्याच डोक्यावरच्या भिंतीवर डकवला. तीन वर्षं तो कागद तिथे होता. त्याची बायको डबा घेऊन आली की तिलाही भाऊ तो दाखवायचे.

माझे वडील ऊर्जानगरला, तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, म्हणून मला वेगळा मार होता. लाइन तुटली आणि मी चुकचुकले, की भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हे ऊर्जानगरची हाय. हिले वाटते लाईट जातच नसते." सगळे खो खो हसायचे. मी दात ओठ खात तुटलेली फाईल जिथे थांबली तिथून पुढे पाठवायला शिकले, आणि वर्षभरात त्या खोलीत माझ्याइतकं चोख काम कुणाचं नव्हतं. कौतुक मात्र त्यांनी कधी केलं नाही.

रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली भाऊंची सही लागायची आणि ती करण्याआधी ते एकेक आकडा स्वतः सर्व्हरवर ताडून पाहायचे. चौथ्या वर्षी एका दुपारी त्यांनी माझं पान समोर घेतलं, पेन उघडलं आणि वर न बघता म्हणाले, "तुहं पाहाची गरज नाई आता." सही केली आणि पान उलटलं. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, एवढं काय त्यात? मला हवेत चालल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मैनीबाईच्या बापाचा व्हिडिओ आला. मैनीबाई आत दूरच्या एका गोंड वस्तीतली. तिच्या घराची शेती पिढ्यान् पिढ्या जंगलात होती, पण कागद एकही नव्हता. पुरावा म्हणजे तिचा म्हातारा बाप. आमच्या सर्व्हेच्या माणसांनी त्याला कॅमेऱ्यासमोर शेताच्या हद्दीवरून चालवलं होतं. हे मोहाचं झाड माझ्या आज्याने राखलं, हा दगड आम्ही रोवला, इथून नाल्यापर्यंत आमचं, असं तो गोंडीत सांगत गेला होता. त्या जमिनीचा सगळा दावा त्या एका फाईलवर उभा होता.

शुक्रवार होता. भाऊ नमाजाला गेले होते. खाली जीपमध्ये सर्व्हेवाले खोळंबले होते, कारण कॅमेऱ्याचं कार्ड एकच आणि पुढचं गाव गाठायचं होतं. मी फाईल कार्डावरूनच थेट नागपूरला लावली. मध्ये लाइन तुटली, परत आली. जीपचा हॉर्न वाजत होता. उजवीकडे पाहिलं तर फाईलचं नाव दिसत होतं. मी रजिस्टरमध्ये डावीकडचा आकडा लिहिला आणि तोच उजवीकडे लिहिला. कार्ड पुसलं, खाली नेऊन दिलं. भाऊंनी परत येऊन त्या पानावर सही केली.

पावसाळ्यात म्हातारा वारला. हिवाळ्यात सुनावणी झाली, तिथे पहिल्यांदा कुणीतरी ती फाईल उघडली. निम्म्याहून कमी पोचली होती. म्हातारा अकरा मिनिटं चालतो, नाल्याकडे हात वर करतो आणि चित्र थांबतं. हद्द काही कळत नाही. मैनीबाईचा दावा नामंजूर झाला.

नागपूरहून एजन्सीचा साहेब आला. त्याने रजिस्टर उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाली सही कोणाची, म्हणून विचारलं. भाऊंनी चष्मा लावला. ओळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिले.

"सही माही हाय," भाऊ म्हणाले.

साहेबाने संध्याकाळपर्यंत त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. घरी वडील निवृत्तीला आले होते, धाकटीचं शिक्षण होतं, असली कारणं मी नंतर खूप जमवली, पण त्या क्षणी मी नुसती घाबरले होते. भाऊंनी पिशवीत आपला कप आणि टोपी टाकली. जाताना भिंतीवरचा तो छापलेला चिखल काढला, नीट घडी घालून ज्याचा होता त्याच्या हातात दिला. मला काहीच बोलले नाहीत. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मला झोप लागली असती.

वर्षाने मी चंद्रपूरला त्यांच्या भावाच्या दुकानात गेले. भाऊ खाली बसून पत्र्याची कड ठोकत होते. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी म्हटलं, भाऊ, तो आकडा मी न पाहता लिहिला होता.

"साहेबानं बोट ठेवलं, मले त्याच वक्ती दिसलं," हातोडी न थांबवता ते म्हणाले. "पाहून लिहिणाऱ्याचा पेन मधात थांबते. तुहे दोन्ही आकडे एका दमात लिहिलेले होते."

"मग साहेबाले सांगितलं काऊन नाई?"

"न पाहता तू लिहिलं, न पाहता मी सही केली. त्यात तुहं नाव काहाले घेऊ?"

मी माफी मागितली. तेव्हा कुठे हातोडी थांबली. "माही नोकरी गेली, तिची जमीन गेली. माफी मले काहाले मांगतं? तिले सांगितलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग अर्धंच काम करून आली तू," ते म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले. त्यांनी मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मी उन्हात थोडा वेळ उभी राहिले आणि बसस्टँडवर आले.

आता भाऊंच्या खुर्चीवर मी बसते. नव्या माणसाचं पहिल्या दिवसाचं काम मीही पुसते, आणि मला माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. कुणाच्याही पानावर न ताडता सही करत नाही, मग तो दहा वर्षांचा जुना का असेना.

मैनीबाई बाजाराच्या दिवशी वर येते. चारोळीची पुडी माझ्या टेबलावर ठेवते आणि बाप दाखव म्हणते. मी तिला ती अकरा मिनिटं दाखवायचे. पुढचं मशीनने खाल्लं, असं मीच तिला सांगितलं होतं. चंद्रपूरहून आल्यानंतरच्या बाजाराला ती आली, नेहमीसारखी पडद्याजवळ सरकून बसली. म्हातारा चालला, नाल्याकडे हात वर केला, थांबला. ती बराच वेळ त्या हाताकडे पाहत होती.

"बाई, बाबा हात कवा खाली करते?"

मी तिला सगळं सांगितलं. लाइन तुटली तेही, जीपचा हॉर्न, दोन्ही आकडे आणि ते कार्ड. मशीनचं नाव मी खोटंच घेतलं होतं, हेही सांगितलं. ती पदराची गाठ सोडत बांधत ऐकत होती.

"म्हणजे तू पुसला त्याले."

"हो."

तिने टेबलावरची चारोळीची पुडी उचलली आणि पदरात बांधली. उठेल असं वाटलं. पण ती बसूनच राहिली.

"लाव पुन्हा," ती म्हणाली.

मी लावला. म्हातारा चालत नाल्यापाशी आला, त्याने हात वर केला.