गुणाजीने तपासलेलं कॉलेज

ठाण्यातल्या कोपरीत आमच्या खालच्या मजल्यावर गुणाजी परब राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो गेली बावीस वर्षं क्वालिटी चेकिंगला आहे. बाहेरून आलेल्या सुट्या भागांच्या पेट्या उघडायच्या, मापं घ्यायची, माल पास की नापास ते ठरवायचं. स्वतःचं शिक्षण नववी. त्यामुळे त्याची मुलगी शिवानी बारावी झाली आणि ठाण्यात कॉलेजांचा मेळावा भरला, तेव्हा त्याची बायको शीला मला म्हणाली की बाई, तुम्ही बरोबर जा, ह्यांना त्यातलं काय कळणार? मी तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

शिवानीला फूड टेक्नॉलॉजी करायचं होतं. तो विषय असलेली तीन कॉलेजं मेळाव्यात होती, पण तिने आदल्या दिवशीच मोबाइलवर बघून शीळफाट्याच्या पलीकडचं एक मनात पक्कं केलं होतं. त्यांचा स्टॉल अगदी दारात, मोठ्या पडद्यावर काचेच्या इमारती. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आज फॉर्म भरला तर जागा पक्की, उद्याचं सांगता येत नाही. शिवानीने पेन उचललं. मीही म्हटलं, भरून टाक, चांगलं दिसतंय.

गुणाजीने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर चार प्रश्न. एका मशीनवर किती मुलं? मशीन बंद पडलं तर किती दिवसांत चालू होतं? मधेच किती जण सोडून गेले आणि का? आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाचा नंबर द्या, पहिला आलेला नको. मॅडम गोड हसल्या. त्यांच्याकडे म्हणे काहीच बंद पडत नाही आणि कोणीच सोडून जात नाही. गुणाजीने तेही लिहून घेतलं. मागे रांग वाढत होती आणि मला त्याच्याबरोबर उभं राहायची लाज वाटत होती.

"पप्पा, लोक बघतायत," शिवानी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"बघू दे. तीन वर्षं तुला काढायचीत, त्यांना नाही. फॉर्म ठेव हातात. बाकीचे दोन बघू, मग तुझी तू सही कर."

दुसऱ्या स्टॉलवर नंतर फोन करू म्हणाले. तिसरं कॉलेज कल्याणचं, कोपऱ्यात, एक टेबल आणि गुरुदत्त नावाचे एक वयस्क सर. त्यांनी चारही प्रश्न नीट ऐकले. मशीनवर सहा मुलं. गेल्या वर्षी चौघं सोडून गेली, दोघांना गणित झेपलं नाही, दोघांच्या घरी अडचण होती. सुकवणीचं मशीन गेल्या वर्षीच्या जूनपासून बंदच आहे. नंबर मात्र दोन देतो म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, हेही कटाप!

गुणाजी खुर्ची ओढून बसला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, जो सप्लायर बोलतो ना, आमचा एकपण पीस खराब निघत नाही, त्याची आम्ही अख्खी पेटी खोलतो."

मला माझीच चीड आली. तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले, पण सगळे असे, ज्यांची उत्तरं मला आधीच ठाऊक होती.

शिवानी इतका वेळ तोंड फुगवून उभी होती. ती एकदम पुढे आली. मशीन बंद असताना मुलांनी प्रॅक्टिकल कुठे केलं, असं तिने सरांना विचारलं. डोंबिवलीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यात, दर शनिवारी, ते म्हणाले.

"तिथे मुलींना मशीनला हात लावू देतात, की नुसतं बाजूला उभं राहून बघायचं?"

पहिल्या शनिवारी नव्हते देत, मग भांडावं लागलं, असं त्यांनी सांगितलं. गुणाजी उठला आणि त्याने खुर्ची तिला दिली. पुढची वीस मिनिटं ती बोलत होती. मग ती एकटीच दारातल्या स्टॉलवर गेली आणि कोरा फॉर्म मॅडमना परत देऊन आली.

ती येत होती तोवर गुणाजी नुसता बघत उभा होता. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

"बाई," तो म्हणाला, "तो मुलींचा प्रश्न मला सुचलाच नसता."