मुल्लानपूरचं सहावं गिधाड

मी पशुवैद्य आहे, मूळची कोल्हापूरची. निम्मं आयुष्य मेलेली जनावरं चिरण्यात गेलंय, त्यामुळे भूतबित सांगणाऱ्याला मी सरळ फटकारते. तरी हे लिहितेय, कारण माझ्याच डोळ्यांसमोर घडलंय... तेही भर दुपारी.

नवऱ्याच्या बदलीमुळे चंदीगडला आले आणि गिधाडं वाचवण्याच्या कामाला लागले. गुरांच्या दुखण्यावरचं एक इंजेक्शन आहे. बंदी आहे, तरी चोरून विकतात. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांच्या किडन्या जातात. आमच्या गिधाडांतली चिमी तशीच गेली. डाव्या पायाचं बोट वाकडं होतं तिचं, मी हाताने भरवून वाढवली होती. पोस्टमॉर्टेमही मीच केलं आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

त्यानंतर आम्ही आणखी पाच पिल्लं वाढवून, माग काढायला पाठीवर ट्रान्समीटर बसवून रानात सोडली. एके दिवशी कळलं, मुल्लानपूरला शेताच्या कडेला म्हैस मरून पडलीय. मालक बलविंदरजी फोनवर म्हणाले, "ना जी, कोई सुई नहीं लगी, पक्का." माझा काही विश्वास बसेना. पाचही पक्ष्यांचे ट्रान्समीटर तिकडेच वळलेले दिसत होते. मी आणि माझी पंचकुल्याची सहकारी मीनू निघालो, तर नव्या टाउनशिपच्या डंपरांमागे अडकलो. जीव नुसता टांगणीला.

पोचलो तर पाचही लांब बसलेली. उपाशी, पण पुढे येईनात. म्हशीवर सहावं उभं होतं, पंख पसरून. कुणी जवळ आलं की अंगावर धावून जायचं, स्वतः मात्र चोच लावत नव्हतं. अहो, गिधाड असं करत नाही. आणि या भागात आता रानटी गिधाडं उरलीत कुठे?

जवळ गेले. डाव्या पायाचं बोट वाकडं.

"मॅडम, ये तो अपनी..." मीनू पायाकडे बोट दाखवत म्हणाली.

"बलविंदरजींना ट्रॅक्टर घेऊन बोलाव," मी म्हटलं. आधी म्हैस हलवायला हवी होती.

ट्रॅक्टर आला तशी ती शांतपणे उडून डोंगराकडे गेली. बलविंदरजी मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर साब, भाई ने लगवा दी थी सुई. मैनू हुणे पता लगा." त्यांनाही ते आत्ताच कळलं होतं. नमुना घेऊन म्हैस खोल पुरली. तपासणीतही तेच औषध निघालं.

आता मी गावोगावची औषधांची दुकानं पालथी घालते. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "मैडम, परिंदों के लिए इतना झगड़ा?" म्हटलं, "हां जी, इतना ही. फ्रिज खोलिए."

त्या दुपारचा उलगडा मला अजून झालेला नाही. पाचही पक्षी मात्र जिवंत आहेत.